मूठभर धान्याची शिस्त

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

चर्च आणि दानधर्म हा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट मिशनच्या दवाखान्याकडे आणि शाळेकडे जाते, दुसरी धर्मांतराच्या वादाकडे. दोन्ही वाटा आपल्या पायाखालच्या आहेत. मला आज तुम्हाला तिसरीकडेच न्यायचे आहे, स्वयंपाकघरात. मी ख्रिस्ती नाही. मुसलमान घरात वाढले, मराठीत कविता लिहिते. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही. शेजारधर्माने जे दिसले आणि आवडीने जे वाचले, तेवढ्याच आधारावर बोलणार आहे.

माझ्यापुढचा प्रश्न साधा आहे. दया कुणाला येत नाही? रस्त्यात कुणी पडलेला दिसला, टीव्हीवर पुरात बुडालेले घर दिसले की आपल्या सगळ्यांच्या पोटात कालवते. पण कालवलेले पोट दुसऱ्या दिवशी शांत होते. गरज मात्र दुसऱ्या दिवशीही असते, तिसऱ्या दिवशीही असते. मग येणारी-जाणारी दया रोजची कशी करायची? चर्चच्या मंडळींनी या प्रश्नाला काही उत्तरे शोधली आहेत. मला वाटते, ती आपण सगळ्यांनी पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर पाहायला आपल्याला थेट मिझोरामला जावे लागेल. डोंगराळ मुलुख, झूम शेती, भात हे मुख्य अन्न. १८९४ साली तिथे पहिले मिशनरी पोचले. पुढे त्या समाजाने ख्रिस्ती धर्म असा स्वीकारला, की २०११ च्या जनगणनेत तिथले सुमारे ८७ टक्के लोक ख्रिस्ती होते. पण सुरुवातीच्या काळात मंडळी लहान होती आणि माणसे गरीब. हातात रोख पैसा नसायचाच. चर्चच्या थाळीत टाकायचे काय? १९१० च्या सुमारास तिथे एक प्रथा सुरू झाली. तिचे नाव ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ. घरातली बाई चुलीवर भात टाकण्यापूर्वी मापलेल्या तांदळातली एक मूठ काढते आणि बाजूच्या वेगळ्या भांड्यात टाकते. सकाळी एक, संध्याकाळी एक. ठरलेल्या दिवशी चर्चच्या बायका घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, मोजतात, विकतात. त्याचे पैसे मंडळीच्या कामाला जातात. शंभराहून अधिक वर्षे झाली, ही प्रथा चालू आहे, आणि आज तिची वर्षाची रक्कम कोटींमध्ये मोजली जाते.

यातली खुबी पाहा. मूठ काढायची ती शिजवण्याआधी. जेवण झाल्यावर उरले तर देऊ, असे तिथे नाही. उरलेले अन्न आपण सगळेच देतो, आणि ते दिले तरी आपल्या ताटात काही कमी होत नाही. ही मूठ मात्र आपल्याच भातातून कमी होते. एका मुठीने कुणी उपाशी राहत नाही, पण ती काढताना रोज दोनदा आठवण होते, की या घराबाहेरही कुणाची तरी चूल आहे. दुसरे असे की, ही मूठ घरातल्या पुरुषाच्या खिशातून निघत नाही. जिच्या नावावर जमीन नाही, जिच्या हातात पगार नाही, तिच्या अखत्यारीत तांदळाचे मडके तर असते. तिलाही दाता होता येते. देण्याचा मान फक्त पैसेवाल्याचा नाही, हे एवढ्या सोप्या रीतीने सांगणारी दुसरी तजवीज मला माहीत नाही.

आता कुणी म्हणेल, या तांदळाचा मोठा वाटा धर्मप्रसाराच्या कामाला जातो. जातो. ते लपवण्यासारखे नाही आणि तिथले लोक लपवतही नाहीत. पण त्या समाजाला रोज मूठ काढायची सवय लागली होती, ती पुढे वेगळ्याच प्रसंगी कामाला आली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन प्रांतातून हजारो माणसे सीमा ओलांडून मिझोराममध्ये आली. २०२३ च्या मे महिन्यात मणिपूर पेटले, तेव्हा तिथूनही हजारो आली. लहानसे राज्य, लोकसंख्या सुमारे ११ लाख. चर्च, ‘यंग मिझो असोसिएशन’सारख्या संस्था आणि गावोगावची साधी घरे यांनी त्या माणसांना तांदूळ, भाजी, कपडे, छप्पर दिले. ज्यांच्या घरात मूठ काढण्याचे भांडे आधीपासून होते, त्यांना कुठून सुरू करायचे हे शोधत बसावे लागले नाही.

ही प्रथा मिझो बायकांनी चालवली असली तरी तिचे मूळ जुने आहे. येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला पौल जेरुसलेमच्या गरिबांसाठी निधी गोळा करत होता, तेव्हा त्याने करिंथच्या मंडळीला पत्रातून कळवले, की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. मी आल्यावर धावपळ करून वर्गणी गोळा करायची वेळ येऊ नये, हा त्यातला व्यवहार. म्हणजे भाषणाने भारावून जाऊन देण्यापेक्षा, भारावलेपण नसतानाही देत राहणे त्याला अधिक भरवशाचे वाटत होते. आम्ही कवी मंडळी भारावण्यावरच जगतो, म्हणून मला ही सूचना जरा बोचते आणि पटतेही.

या बाबतीत आपल्या मराठीत एक फार बोलके उदाहरण आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक हे हाडाचे कवी आणि हाडाचे दाते. समोर गरजू दिसला की हाताला येईल ते देऊन टाकायचे. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले असेल, त्यांना ते घर आठवत असेल. नवरा देऊन मोकळा व्हायचा आणि संध्याकाळी चूल कशी पेटवायची याची विवंचना लक्ष्मीबाईंकडे. त्या घरात दुसऱ्यांची मुलेही वाढली. ती वाढवण्याचे कष्ट कुणी उपसले, हे पुस्तकाच्या पानापानावर दिसते. टिळकांचे मोठेपण मी कमी लेखत नाही. पण दानशूर माणसाच्या घरात एक माणूस धान्याचा हिशेब ठेवणारा लागतो, आणि तो माणूस बहुधा बाई असते. मिझोरामच्या प्रथेने त्या हिशेब ठेवणारीलाच दाता केले.

पंडिता रमाबाईंचेही असेच. केडगावच्या मुक्ती मिशनचे नाव आपण घेतो, १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. पण त्याच्याही आधी, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले ते कशाच्या बळावर? डिसेंबर १८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावी त्याची मंडळे निघाली. त्यात निरनिराळ्या पंथांचे, निरनिराळ्या चर्चचे लोक होते. सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा आणि तो १० वर्षे देत राहायचे, असे वचन होते. ज्यांनी पुणे-मुंबई कधी पाहिली नव्हती अशा माणसांचा तो वर्षाकाठचा डॉलर म्हणजे त्यांची मूठच होती. तिने इथल्या विधवा मुलींना छप्पर मिळाले.

आता दुसरे उत्तर. देणे रोजचे झाले, तरी एक अडचण उरते. देणारा वर आणि घेणारा खाली, ही. तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे, की मदत घेताना माणसाची मान खाली जाते. छातीवर बिल्ला लावून, फोटो काढून दिलेली शिधापिशवी घेणाऱ्याचे डोळे एकदा पाहा. ते डोळे जमिनीत कुठे तरी गेलेले असतात.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा २० वर्षांचा विद्यार्थी होता. वादसभेत त्याला कुणी तरी टोमणा मारला, की तुमच्या चर्चने पूर्वी केले असेल पुष्कळ, आज गरिबांसाठी काय करता? ओझानामने उत्तरादाखल भाषण केले नाही. मित्रांना घेऊन तो गरीब वस्तीत गेला. त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था उभी राहिली. आज ती जगभर आहे, आपल्या मुंबई-वसईच्या चर्चमध्येही आहे. तिच्या दोन रीती मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे गरजूला रांगेत उभे करायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे. शक्यतो दोघांनी मिळून जायचे, बसायचे, विचारपूस करायची. पाहुणा म्हणून गेलेला माणूस उपकारकर्त्याच्या तोऱ्यात बसू शकत नाही, कारण घर समोरच्याचे असते. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक बैठकीत एक थैली फिरते. ज्याने त्याने मूठ मिटून हात थैलीत घालायचा आणि उघडून बाहेर काढायचा. कुणी किती टाकले, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. ज्याच्याजवळ त्या दिवशी काहीच नाही, तोही हात घालून बाहेर काढतो आणि त्याची लाज झाकली जाते.

उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण बायबलमध्ये आहे तशीच आमच्याकडे हदीसमध्येही आहे. शिकवण दोन्हीकडे भिंतीवर लावलेली असते. त्या थैलीमुळे ती हाताला लागली.

इथे मला माझ्या लहानपणीचे थोडे सांगायचे आहे. आम्ही अहमदनगर जिल्ह्यातल्या एका गावात राहत होतो. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. त्या भागात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम, त्यामुळे गावोगाव ख्रिस्ती घरे. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मावशी राहायच्या. त्यांच्या चुलीजवळ एक पत्र्याचा डबा असायचा. दळणाला ज्वारी काढली की एक मूठ त्या डब्यात पडायची. हंगामाचा सण आला की हा डबा चर्चमध्ये जायचा. हंगामाचा सण म्हणजे मोठी मौज. कुणी कणसे आणायचे, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, कुणी अंडी. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव. चार आण्यांचा भोपळा कुणी दोन रुपयांना घ्यायचा आणि परत चर्चलाच अर्पण करायचा. मग त्याच भोपळ्याचा दुसऱ्यांदा लिलाव. आम्ही मुसलमानांची आणि मराठ्यांची पोरे कुंपणावर बसून तो भोपळा किती वेळा विकला जातो ते मोजायचो.

माझे वडील शिंपी होते. मी सातवीत असताना त्यांचा हात मोडला आणि मशीन तीन-चार महिने बंद पडले. घरात पाच माणसे. आई मानी होती, कुणापाशी शब्द टाकणारी नव्हती. एका संध्याकाळी मावशी पदराआड भांडे घेऊन आल्या. ज्वारी होती. आईने मान हलवली. मावशी म्हणाल्या, “भाभी, मी काय दान नाही द्यायला आले. उसनं म्हणून घ्या. मशीन सुरू झालं की द्या परत.” आईने भांडे घेतले. नंतर दर आठवड्याला ते भांडे येत राहिले आणि दर वेळी ते उसनेच होते. मावशींच्या एकट्या डब्याने आमचे पाच जणांचे पोट भरणे शक्य नव्हते. चर्चमधल्या आणखी चार घरांचे डबे त्यात होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. ती घरे कोणती, ते आजही मला ठाऊक नाही.

मशीन सुरू झाले. आईने पहिल्या कमाईतून ज्वारी घेतली, मापून मावशींकडे नेऊन दिली. मी बरोबर होते. एखाद्या बाईने म्हटले असते, “अहो, राहू द्या, कशाला?” मावशी तसे म्हणाल्या नाहीत. त्यांनी ज्वारी घेतली आणि आईच्या देखत त्या डब्यात ओतली. म्हणाल्या, “कुणाला तरी उपयोगी पडेल, भाभी.” आई घरी आली ती ताठ मानेने. देणाऱ्याला परतही घेता आले पाहिजे, हे मला त्या दिवशी समजले असे म्हणणार नाही. आईची चाल बदललेली तेवढी दिसली होती. समज पुढे आली.

त्या चार महिन्यांत आम्हाला कुणी प्रार्थनेला बोलावले नाही, कुणी पुस्तिका दिली नाही. हे सगळीकडे असेच घडते, असा माझा दावा नाही. मदतीच्या बदल्यात माणसाचे मन मागणारे लोक प्रत्येक धर्मात असतात. ओळखायची खूण एवढीच, की आधी भूक विचारली जाते की आधी नाव.

आणि इथेच तिसरा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न येतो. मूठ काढली, गुपचूप दिली, पण दिली कुणाला? आपल्या माणसाला की परक्याला?

चर्चच्या इतिहासात हा प्रश्न अगदी पहिल्या दिवसांपासून आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. जेरुसलेमच्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जाई. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, की आमच्या विधवांना वगळले जाते. म्हणजे प्रेमाचा संदेश ताजा असतानाच वाटपात आपपरभाव शिरला होता. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. वाटपासाठी सात माणसे निवडायला सांगितले. त्या सातांची नावे तिथे दिलेली आहेत आणि सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची भांडी रिकामी राहत होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात पळी गेली. मला हा सगळा प्रसंग फार आधुनिक वाटतो. आपल्या संस्थांमध्ये मदत मिळत नसल्याची तक्रार करणाऱ्याला आपण वाटप समितीवर घेतो का?

पुढे चौथ्या शतकात रोमचा सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता. जुन्या देवतांची पूजा त्याला पुन्हा रुजवायची होती. त्याने आपल्या एका पुजाऱ्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. हे लोक स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आपले गरीबही पोसतात, ही आपल्याला शरमेची गोष्ट आहे, अशी त्याची तक्रार. विरोधकाकडून मिळालेले याहून चांगले प्रशस्तिपत्र कुठले असेल?

पण प्रशस्तिपत्र एकदा मिळाले म्हणून कायमचे राहत नाही. ज्या मिझोरामचे मी आत्ता कौतुक केले, तिथूनच १९९७ साली वांशिक तणावात ब्रू जमातीची ३० हजारांहून अधिक माणसे घरे सोडून त्रिपुरात गेली. ती वर्षानुवर्षे छावण्यांत राहिली. अखेर जानेवारी २०२० मध्ये करार होऊन त्यांना त्रिपुरातच वसवायचे ठरले. म्यानमारमधून आलेले चिन लोक मिझोंचे रक्ताचे आणि धर्माचे नातलग. त्यांच्यासाठी दारे उघडली. ब्रू शेजारी होते, पण ‘आपले’ नव्हते. हे सांगताना मी कुणाकडे बोट दाखवत नाही. आम्ही ईदच्या नमाजाआधी फितरा काढतो, त्या दिवशी कुणाच्या घरी चूल थंड राहू नये म्हणून. जकात तर वर्षाच्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा, हिशेबाने द्यायची. व्यवस्था उत्तम आहे. पण ती मोहल्ल्याच्या भिंतीपाशी थांबते का, हा प्रश्न मला दर रमजानमध्ये पडतो. मंदिराच्या अन्नछत्राला आणि जातीच्या वसतिगृहालाही हाच प्रश्न विचारता येईल. देण्याची सवय समाज लावू शकतो. त्या समाजाच्या बाहेरच्या माणसापर्यंत ती पोचवणे, हे काम दर पिढीला नव्याने करावे लागते.

आपल्या मराठी मुलखाने ते एकदा करून दाखवले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहतील अशी बोर्डिंगे उभी केली. ती चालवायला गावोगावच्या बायांनी दळणातली मूठ बाजूला काढली. त्याला नाव पडले मुष्टिफंड. सातारकडच्या बाईची ती मूठ मिझोरामच्या बाईसारखीच होती. दोघींना एकमेकींची खबर नव्हती. पण सातारच्या मुठीवर जेवायला बसलेल्या पोरांमध्ये मराठा होता, महार होता, मुसलमान होता, आणि पंगत एकच होती.

श्रोतेहो, आज आपल्या स्वयंपाकघरात दळण येत नाही, पिठाची पिशवी येते. पत्र्याचा डबा गेला. मोबाइलवरून पैसे पाठवता येतात. म्हणून मूठ मोडीत निघाली असे मात्र नाही. पगार आल्यावर पहिल्या दिवशी काढलेली लहानशी रक्कम ही मूठच आहे. इमारतीतल्या चार घरांनी मिळून वॉचमनच्या मुलीची फी गाजावाजा न करता भरणे, हीसुद्धा मूठच. अट एवढीच, की ती खर्चाआधी काढावी, उरल्यावर नव्हे. आणि ती कुणाला द्यायची, याची यादी करताना आपल्या जातीचे, धर्माचे, गावाचे नसलेले एक तरी नाव त्यात आहे ना, तेवढे दर महिन्याला तपासून पाहावे.